प्रूफ नाण्यावर पुन्हा पुन्हा येणारे काळे ठिपके: पुसण्याआधी हे वाचा

तक्रार नेहमी एकाच प्रकारची असते. टाकसाळीकडून चांदीचं प्रूफ नाणं, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागावर पाडलेलं नाणं, आलं तेव्हा त्यात तोंड दिसत होतं. दोन पावसाळ्यांनी पेटी उघडली तर फील्डवर, म्हणजे चित्राभोवतीच्या सपाट आरशावर, तीन-चार काळे ठिपके, कडेला पिवळट झाक, आणि चित्राशेजारी एक धुरकट पट्टा. मग कोणी मऊ कापडाने पुसतं, कोणी टूथपेस्ट लावतं, आणि ठिपक्याच्या जागी बारीक ओरखड्यांचं जाळं घेऊन बसतं. ठिपका गेला असता तरी नाणं गेलंच होतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. नाणं कॅप्सूलमध्येच, म्हणजे त्याच्या पारदर्शक प्लास्टिकच्या डबीतच, राहू द्या आणि ठिपका नेमका कुठे आहे ते बघा. कॅप्सूलचं बाहेरचं प्लास्टिक पुसून घ्या आणि नाणं आत फिरत असेल तर कॅप्सूल हलकेच हलवून ते थोडं फिरवा. ठिपका नाण्याबरोबर सरकला तर तो नाण्यावर आहे. जागच्या जागी राहिला तर तो कॅप्सूलवर आहे, नवीन कॅप्सूल घ्या आणि विषय मिटला. हे हास्यास्पद वाटेल, पण ‘डाग’ म्हणून दाखवायला आणलेल्या नाण्यांपैकी काही इथेच निरोगी ठरतात.

त्यानंतर दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एकच दिवा. ट्यूबलाइटचा सगळीकडून येणारा उजेड नको, एका बाजूने तिरका पडणारा हवा. नाणं हळूहळू कलतं करत बघा. ठिपका पृष्ठभागाच्या वर बसलाय, समतल आहे, की खाली खड्डा आहे? पुढचे सगळे निर्णय या उत्तरावर अवलंबून आहेत. वर बसलेली घाण धुता येते. समतल रंग म्हणजे धातूच बदललाय. खड्डा असेल तर धातू खाल्ला गेलाय, आणि खाल्लेला धातू कोणत्याही बाटलीतून परत येत नाही.

डाग ओळखायचा कसा

कडेकडून आत सरकत जाणारा पिवळा, सोनेरी, मग जांभळट आणि निळा रंग म्हणजे चांदीचा सल्फाइड. हवेतला हायड्रोजन सल्फाइड चांदीवर पातळ थर बसवतो. थर जसा जाड होतो तसा त्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. आधी फिकट पिवळा, मग गडद सोनेरी, किरमिजी-जांभळा, निळा, आणि शेवटी राखाडी-काळा. म्हणजे रंग बघून थराचं वय नाही, तरी जाडी कळते. पिवळ्यावर असलेलं नाणं अजून हातात आहे, काळ्यावर गेलेलं बरंचसं सुटलेलं. हा रंग कडेपासून सुरू होतो कारण हवा कॅप्सूलच्या जोडातून तिथेच आधी पोचते. कॅप्सूलमध्ये फोमचं रिंगण असेल तर रिंगणाच्या आकाराची अचूक पट्टी उमटते. ती दिसली की गुन्हेगार शोधत बसायची गरज नाही.

टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आणि त्याभोवती फिकट वलय असेल तर तिथे काहीतरी पडलं होतं. बहुतेक वेळा थुंकीचा सूक्ष्म थेंब. उघड्या नाण्यावर वाकून बोललं की हे होतं, आणि त्या दिवशी काहीच दिसत नाही. थेंबातले क्षार ओलाव्याची वाट बघत बसतात आणि जुलैमध्ये काम सुरू करतात. ठिपका नेमका कधी पडला हे शोधणं म्हणूनच निरर्थक असतं. नाणी बघताना तोंडावर मास्क लावणं किंवा निदान तोंड बंद ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे. नाणेप्रेमींच्या बैठकीत दुसरा उपाय पाळला गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

समांतर बारीक रेघांचा तपकिरी पट्टा म्हणजे बोटाचा ठसा. घामातलं मीठ आणि चरबी. ताजा असेल तर निघतो. जुना असेल तर चरबी निघते आणि रेघा धातूत कोरलेल्या राहतात.

हिरवट, किंचित चिकट पातळ थर, विशेषतः अक्षरांच्या कोपऱ्यांत, म्हणजे पीव्हीसीची करामत. मऊ, लवचीक, नव्या पावसाळी चपलेसारख्या वासाच्या प्लास्टिक पाकिटातून प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य झिरपतं, शिवाय प्लास्टिक विघटताना आम्लही सुटतं. लवकर सापडलं तर हा सगळ्यांत सोपा डाग आहे, उशीर झाला तर सगळ्यांत वाईट.

पांढरे, दुधाचे थेंब वाळल्यासारखे ठिपके वेगळे. हे प्रामुख्याने शुद्ध चांदीच्या नाण्यांवर येतात. कॅनडाचं मेपल लीफ हे चांदीचं नाणं त्यासाठी इतकं बदनाम झालं की कॅनडाच्या टाकसाळीने २०१८पासून त्यावर ‘मिंटशील्ड’ नावाची खास प्रक्रिया सुरू केली. नाणं पाडण्याआधीच्या कोऱ्या चकत्या धुण्या-तापवण्याच्या टप्प्यात पृष्ठभागावर राहिलेला रसायनांचा अंश हे त्यामागचं सहसा दिलं जाणारं स्पष्टीकरण. हे ठिपके अ‍ॅसिटोनने जात नाहीत, डिप या काळेपणा उतरवणाऱ्या आम्लयुक्त द्रवानेही जात नाहीत. ज्यांना ते जातात असं वाटतं त्यांच्या नाण्यावर बहुधा दुसरंच काही होतं.

आणि एक, संपूर्ण फील्डवर आलेली धुक्यासारखी अंधुकी. आरसा असतो पण त्यावर वाफ धरल्यासारखी दिसते. पेटीतला डिंक, रंग, प्लास्टिक यांतून सुटलेली वाफ थंड धातूवर बसते. याचा निकाल बऱ्याचदा चांगला लागतो.

आपलीच नाणी एवढी का डागाळतात

भारतीय स्मारक नाणी जमवणाऱ्यांना वाटतं की आपल्याकडे टाकसाळीत काहीतरी हलगर्जी होते. असेलही कधी, पण मूळ कारण नाण्यासोबतच्या पत्रकावरच छापलेलं असतं. ३५ ग्रॅम वजनाचं, ४४ मिलिमीटर व्यासाचं आपलं अनेक वर्षं नेहमीचं राहिलेलं स्मारक नाणं चांदीचं म्हणतात खरं, पण त्यात चांदी ५० टक्के, तांबं ४० टक्के, निकेल ५ आणि जस्त ५ टक्के. लोकमान्य टिळकांच्या १५०व्या जयंतीचं शंभर रुपयांचं नाणं घ्या, नाही तर २०२३चं नव्या संसद भवनाचं पंचाहत्तर रुपयांचं घ्या, कृती हीच.

ही कृती आजची नाही. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली तेव्हा ब्रिटनने १९२०मध्ये आपल्या नाण्यांतली चांदी ९२.५वरून ५० टक्क्यांवर आणली. सुरुवातीची मिश्रणं वापरात झिजली की पिवळट-तपकिरी दिसायला लागली, लोक वैतागले, आणि प्रयोग करत करत १९२७मध्ये ते ५०-४०-५-५वर स्थिरावले. हिंदुस्थानात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४०मध्ये, रुपयातली चांदी सुमारे ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर उतरवली तेव्हा हेच चार धातूंचं मिश्रण आलं. आजोबांच्या डब्यातला १९४०नंतरचा सहाव्या जॉर्जचा रुपया व्हिक्टोरियाच्या रुपयाशेजारी ठेवा. जॉर्ज कळकट, व्हिक्टोरिया अजून चांदीची. तो कळकटपणा तुमच्या प्रूफ नाण्याच्या वंशातच आहे.

आतलं कारण असं. चांदी आणि तांबं वितळलेले असताना एकजीव असतात, पण थिजले की फारसे एकमेकांत राहत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली चांदीबहुल आणि तांबंबहुल असे वेगवेगळे कण दिसतात. म्हणजे एकाच नाण्यावर दोन वेगळ्या स्वभावाचे धातू शेजारी शेजारी बसलेत. ओलावा आणि मिठाचा अंश मिळाला की त्यांच्यात छोटीशी विद्युत-रासायनिक साखळी तयार होते आणि त्यात तांब्याचा बळी जातो. शिवाय अशा मिश्रणाच्या चकत्या आम्लात धुतल्या की वरवरचं तांबं निघून जाऊन चांदीबहुल पातळ साल तयार होते. नवं नाणं पांढरंशुभ्र दिसतं ते या सालीमुळे. जोरात घासलं किंवा आम्लात बुडवलं की साल फाटते आणि खालचा तांबूस धातू डोकावतो. घरी ‘साफ’ केलेली शंभर रुपयांची नाणी गुलाबी-तपकिरी का दिसतात, याचं उत्तर हेच.

जास्त चांदीची नाणी तुलनेने सरळ वागतात. १९६९चं गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं आणि ८० टक्के चांदीचं. २०१०चं बृहदीश्वर मंदिराचं हजार रुपयांचंही ८० टक्के. त्यांच्यावर एकसारखा सोनेरी-निळा रंग चढतो, तो अनेकांना आवडतोही. १९७२चं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहा रुपयांचं नाणं मात्र पुन्हा ५० टक्क्यांचं, आणि डागाळलेल्या अवस्थेत ते भरपूर दिसतं.

तर कोणताही उपाय करण्याआधी तुमच्या नाण्यातलं चांदीचं प्रमाण बघा. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले ९९.९ किंवा ९० टक्क्यांच्या परदेशी नाण्यांसाठी लिहिलेले असतात. ते आपल्या ५० टक्क्यांच्या नाण्यावर जसेच्या तसे चालवले की घात होतो.

धुवायचं असेल तर फक्त एवढंच

माझ्या मते प्रूफ नाण्यावर घरी वापरावं असं एकच रसायन आहे, अ‍ॅसिटोन. ते धातूशी काही करत नाही. तेल, चरबी, डिंक, पीव्हीसीचा थर, हळदीचा पिवळेपणा आणि ती धुक्यासारखी अंधुकी हे सगळं ते विरघळवतं. सल्फाइडचा रंग, काळे ठिपके आणि पांढरे ठिपके याला ते हातही लावत नाही. म्हणजे अ‍ॅसिटोन तुम्हाला निदानही करून देतं: जे गेलं ती घाण होती, जे राहिलं तो धातू आहे.

नेलपॉलिश काढायची बाटली चालणार नाही, तिच्यात तेल, सुगंध आणि रंग असतात. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध अ‍ॅसिटोन आणा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं, इतर शहरांत कॉलेजांना रसायनं पुरवणारं एखादं दुकान असतंच. डिस्टिल्ड पाणी मिळत नसेल तर औषधाच्या दुकानातलं इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी उत्तम. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन आणि क्षार असतात. बोअरचं तर विचारूच नका.

भांडी काचेचीच. अ‍ॅसिटोनमध्ये अ‍ॅक्रिलिकची कॅप्सूल आणि स्वस्तातले प्लास्टिकचे डबे विरघळतात, आणि ते विरघळलेलं प्लास्टिक नाण्यावर जाऊन बसतं. नाणं फक्त कडेने धरा. नायट्राइलचे हातमोजे कॅप्सूल उघडताना वापरा, पण अ‍ॅसिटोनमध्ये ते टिकत नाहीत, तिथे बांबूचा किंवा प्लास्टिकच्या टोकाचा चिमटा हवा. लॅटेक्सचे हातमोजे वापरू नका, रबरात गंधक असतं.

एका वाटीत नाणं बुडेल इतकं अ‍ॅसिटोन. त्यात नाणं कडेने धरून बुडवा, वर काचेचं झाकण, दहा-पंधरा मिनिटं थांबा. पीव्हीसीचा जुना थर असेल तर जास्त, अगदी रात्रभरही चालतं. घासायचं नाही, कापूस फिरवायचा नाही, ‘अगदी हलक्या हाताने’ही नाही. प्रूफच्या आरशावर कापसाचा धागाही रेघ काढतो. मग दुसऱ्या वाटीत ताजं अ‍ॅसिटोन घेऊन त्यात बुडवून काढा. पहिल्या वाटीतली विरघळलेली घाण तशीच वाळली तर नवा डाग तयार होतो, म्हणून ही दुसरी वाटी चुकवू नका. मीठ किंवा घामाचा संशय असेल तर आधी डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, कारण मीठ अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही. पाणी आधी, अ‍ॅसिटोन नंतर, हाच क्रम. अ‍ॅसिटोन उरलेलं पाणी सोबत घेऊन उडतं.

वाळवताना एक गोष्ट कोणी सांगत नाही. अ‍ॅसिटोन इतक्या वेगाने उडतं की नाणं थंड पडतं, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. धुऊन चकाचक झालेल्या नाण्यावर पाच मिनिटांत धुकं आणि नंतर पाण्याचे ठिपके दिसतात ते यामुळे. हे काम कोरड्या दिवशी करा, हिवाळ्यात करा, किंवा एसी आधीपासून चालू असलेल्या खोलीत करा. मात्र खिडकी थोडी उघडी हवी, कारण वाफ डोक्यात जाते आणि चटकन पेटते. गॅसची शेगडी, देवघरातली समई, उदबत्ती यांच्या आसपास बाटली उघडूसुद्धा नका.

रंगीत छपाई असलेलं नाणं अ‍ॅसिटोनमध्ये बुडवू नका, रंग निघू शकतो. मुलामा दिलेलंही नाही.

काय करायचं नाही, आणि का

लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, पितांबरी, राख, रांगोळी, टूथपेस्ट: पूजेच्या तांब्याला जे जे लागतं ते नाण्यापासून दूर. आम्ल साल खातं, पावडर आरसा खरवडते. सराफाकडे नेऊन ‘उजळून’ आणलेलं नाणं तर ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. दागिना म्हणून ते छान दिसतं, प्रूफ म्हणून संपलेलं असतं.

अ‍ॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी ही युक्ती खोटी नाही. चमच्या-वाट्यांसाठी रसायनशास्त्र बरोबर आहे, सल्फाइडमधलं गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी परत येते. पण परत आलेली चांदी आरशाच्या रूपात येत नाही, भुसभुशीत, मलूल थराच्या रूपात येते. चमच्यावर ते पुढच्या घासण्यात निघून जातं. प्रूफच्या फील्डवर कायम दिसतं.

राहिला डिप. परदेशी नाणेव्यापारी सर्रास वापरतात तो द्रव म्हणजे आम्ल आणि थायोयुरिया. काळेपणा सेकंदांत उतरतो, बघणारा चकित होतो. पण सल्फाइड बनताना त्यात चांदी खर्च झालेली असते, ती त्या थरासोबत वाहून जाते. दर डिपला आरशाची मूळ तकाकी थोडी जाते. नीट धुतलं नाही तर काही महिन्यांनी तपकिरी डाग परततात. ९९.९ टक्क्यांच्या नाण्यावरची पातळ पिवळी झाक अनुभवी माणूस पातळ केलेल्या डिपने सेकंद-दोन सेकंदांत काढतो, हे मान्य. ५० टक्क्यांच्या नाण्यावर मी कोणालाही हे सुचवणार नाही. काळं जातं आणि खाली तांबूस ढग राहतो, तो कशानेच जात नाही. नाणं खरोखर मौल्यवान असेल तर नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या एनजीसी या अमेरिकी कंपनीची भगिनी संस्था एनसीएस यासारख्या व्यावसायिक संवर्धकांकडे पाठवण्याचा मार्ग आहे. त्याचा खर्च आणि नाण्याची किंमत यांचा हिशेब आधी करा. बहुतेक आधुनिक नाण्यांना तो परवडत नाही.

धुतलं, तरी परत का आलं

कारण नाणं धुतलं आणि त्याच पेटीत ठेवलं. मखमल, रेक्झिन, पुठ्ठा, डिंक, दाबलेल्या लाकडाचा भुसा, हे सगळं बंद पेटीत हळूहळू वाफा सोडत राहतं. काही गडद रंगांच्या कापडाला तर गंधकयुक्त रंगच दिलेले असतात. पेटी भेट देण्यासाठी आणि कपाटात शोभण्यासाठी केलेली असते, वीस वर्षं नाणं सांभाळण्यासाठी नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे: नाणं वेगळ्या कॅप्सूलमध्ये, पेटी आणि प्रमाणपत्र वेगळ्या पाकिटात. विकताना दोन्ही एकत्र द्या. मूळ सील फोडल्याने किंमत घटते असं म्हणणारे आहेत आणि ते अगदीच चूक नाहीत. पण अखंड सीलच्या आत काळवंडलेल्या नाण्याला जास्त भाव मिळालेला मी पाहिलेला नाही.

पेटीनंतर घर. वर्तमानपत्राचा कागद, रबरबँड, लोकरीचे कपडे, प्लायवूडचं नवं कपाट, उकडलेली अंडी आणि कांदा-लसणाचं स्वयंपाकघर, सगळीकडे गंधक किंवा आम्ल आहे. सिलिंडरच्या गॅसला जो वास देतात तोही गंधकाच्या संयुगाचाच. मुंबईत खाडी आणि नाल्यांलगतच्या इमारतींत एसीच्या तांब्याच्या नळ्या लवकर सडतात, त्याच हवेत तुमची चांदी राहते. रत्नागिरी-मालवण-गोव्याच्या किनाऱ्यावर गंधकापेक्षा मीठ जास्त त्रास देतं. तिथे काळ्या झाकेऐवजी हिरवट, दाणेदार ठिपके दिसले तर आश्चर्य नको. ते क्लोराइडचं काम असतं, ते पसरतं, आणि त्या नाण्याला बाकीच्यांपासून लगेच वेगळं करायला हवं.

आता आपल्याकडचं खास प्रकरण, लक्ष्मीपूजन. वर्षातून एकदा चांदीची नाणी बाहेर निघतात, ताम्हनात मांडली जातात, त्यांना हळद-कुंकू लागतं, कुणी हौसेने पंचामृताने स्नानही घालतं. बाहेर फटाक्यांचा धूर, ज्यात गंधक आहेच. सगळं झाल्यावर नाणं ओल्या कापडाने पुसून पेटीत. पूजेसाठी सराफाकडचं साधं दहा ग्रॅमचं लक्ष्मीचं नाणं घ्या. देवीला प्रूफ आणि साधं यात फरक पडत नाही. घरातल्या ज्येष्ठांनी तुमचं प्रूफच मांडायचा हट्ट धरला तर बंद कॅप्सूलसकट मांडा आणि कुंकू कॅप्सूलला लागू द्या. हळद लागलीच असेल तर घाबरू नका, ती अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते. दही-लिंबाचं तसं नाही.

ठेवायचं कसं

अ‍ॅक्रिलिकची मापाची कॅप्सूल, फोमच्या रिंगणाशिवाय. मापाची म्हणजे खरोखर मापाची, ४४ मिलिमीटरच्या नाण्याला ४४ची. ढिल्या कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळतं आणि फ्रॉस्टचे, म्हणजे चित्राच्या दुधाळ पृष्ठभागाचे, उंच भाग घासले जातात. पाकिटं वापरायची तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची. पाकिट पीव्हीसीचं आहे का याची शंका असेल तर एक जुनी चाचणी आहे: तांब्याची तार तापवून लाल करा, रिकाम्या पाकिटाला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे, टाकून द्या. हे उघड्या गच्चीवर करा, धूर वाईट असतो, आणि अर्थातच अ‍ॅसिटोनची बाटली खाली घरात ठेवून.

कॅप्सूल हवाबंद नसते. ती झिपच्या पाकिटात, पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा लोखंडी कपाटात, स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या भिंतीपासून लांब. डब्यात सिलिका जेल हवं, पण त्याच्याकडून नको ती अपेक्षा ठेवू नका. ते ओलावा शोषतं, गंधक नाही. गंधकासाठी सक्रिय कोळशाच्या किंवा तांबं मिसळलेल्या प्लास्टिकच्या काळेपणारोधक पट्ट्या-पाकिटं मिळतात, ती डब्यात ठेवा, नाण्याला टेकवू नका. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलंत तर ते थकलं की कळतं आणि ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तापवून परत वापरता येतं. पावसाळ्यात ते वरचेवर थकतं. जूनमध्ये ठेवून दसऱ्याला बघितलं तर मधले दोन महिने ते नुसती पुडी म्हणून पडून होतं असं समजा. आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर डब्यात टाकला तर अंदाज बांधावा लागत नाही. ४० टक्क्यांच्या आसपास आकडा राहिला की पुरे.

बँकेचा लॉकर चोरीपासून वाचवतो, दमटपणापासून नाही. तळघरातला लॉकर असेल तर वरचा सगळा बंदोबस्त तिथेही करा. आणि थंड खोलीतून बाहेर आणलेली कॅप्सूल लगेच उघडू नका, नाणं खोलीच्या तपमानाला येऊ द्या, नाहीतर त्यावर दव धरतं.

टाकसाळीच्या संचात चांदीच्या नाण्यासोबत येणाऱ्या बाकीच्या नाण्यांबद्दल थोडक्यात. पाच रुपयांचं पिवळं नाणं निकेल-पितळेचं, ७५ टक्के तांबं, २० जस्त, ५ निकेल. त्यावर तपकिरी ठिपके फार लवकर येतात आणि अ‍ॅसिटोनपलीकडे काही करता येत नाही. तांबं-निकेलची नाणी बरी टिकतात, फक्त धुरकटतात. स्टेनलेस स्टीलच्या नाण्यांत १७ टक्के क्रोमियम असल्याने त्यांची काळजी सगळ्यांत कमी. जुन्या संचांतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पैशांवर पांढरी पूड दिसली तर मात्र ते नाणं संचातून काढून वेगळं ठेवा.

नवं नाणं घरी आलं की त्याच दिवशी पाकीट फोडताना चित्रफीत काढा, दोन्ही बाजूंचे तिरक्या उजेडातले फोटो तारखेसकट ठेवा, आणि डाग दिसला तर लगेच लेखी कळवा. महिन्यांनी केलेल्या तक्रारीवर डाग कुठे पडला हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. हेच फोटो पुढे डाग वाढतोय की थांबलाय हेही सांगतात. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक फोटो काढा, उजेड आणि कोन तोच ठेवून. दोन वर्षं ठिपका तेवढाच राहिला असेल तर डब्याचं काम नीट चाललंय, आणि त्या नाण्याला हात लावायचं कारण उरत नाही.

विकायची वेळ आली तर डागासकट विका. वर्णनात डाग लिहा, फोटोत दाखवा. नाण्याची प्रत ठरवणाऱ्या परदेशी ग्रेडिंग कंपन्यांकडे पाठवायचं असेल तर लक्षात ठेवा की त्यांच्या बंद प्लास्टिक पेटीत गेल्यावर नंतर उगवलेले ठिपके त्यांच्या हमीत सहसा धरले जात नाहीत, म्हणून पीएफ ६९चं (७०पैकी ६९ गुणांच्या प्रूफचं) लेबल बघून घेतानाही आतलं नाणं भिंगाखाली बघूनच घ्या. जाणकार गिऱ्हाईक दोन काळे ठिपके असलेल्या, पण आरसा शाबूत असलेल्या नाण्याला कमी का होईना भाव देतो. घासलेल्या नाण्यापुढे तो फक्त चांदीचा दर विचारतो, आणि आपल्या नाण्यात तीही निम्मीच.